दहाव्या वर्षी मिळणारे स्कूबाचे कार्ड : एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून पाण्याखाली जाणे, शिकवणाऱ्या 'पॅडी' या आंतरराष्ट्रीय संस्थेचा 'ज्युनिअर ओपन वॉटर डायव्हर' हा अभ्यासक्रम आमच्या मुलीने गेल्या हंगामात अंदमानातील स्वराज द्वीप बेटावर, म्हणजे जुन्या नावाने हॅवलॉकला, पूर्ण केला. तिला तेव्हा दहा वर्षे पूर्ण होऊन काही महिने झाले होते आणि बरोबर आलेला तिचा धाकटा भाऊ आठ वर्षांचा होता. केंद्राचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण तेथील प्रशिक्षक हंगामागणिक बदलतात आणि दारावरची पाटी तीच राहिली तरी शिकवणे तेच राहील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. परीक्षण अभ्यासक्रमाचे आहे, आणि त्यातही एका प्रश्नापुरते : वयाची अट पूर्ण झालेले मूल खरोखर शिकण्याजोगे झाले आहे की नाही, हे ठरवताना ही सेवा पालकांच्या किती उपयोगी पडते? माझे मत आधीच सांगून टाकतो. अभ्यासक्रम चांगला आहे, पण त्याचे पैसे वसूल होतात ते प्रशिक्षकाची 'आज नको' म्हणण्याची तयारी असेल तरच.

वयाचे नियम थोडक्यात असे आहेत. आठव्या वर्षापासून मुलाला 'बबलमेकर' नावाचा, स्कूबाची नुसती तोंडओळख करून देणारा प्रकार करता येतो, त्यात खोलीची मर्यादा अवघी २ मीटर आहे. दहाव्या वर्षापासून ज्युनिअर ओपन वॉटरला प्रवेश मिळतो. ही अट पूर्वी १२ वर्षांची होती, ती २०००च्या सुमारास १० वर आणली गेली. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला १२ मीटरपेक्षा खोल जाता येत नाही आणि प्रमाणपत्र मिळाल्यावरही त्याने आईवडील, पालक किंवा पॅडीचा व्यावसायिक यांच्याबरोबरच बुडी मारायची असते. बारा ते चौदा या वयात मर्यादा १८ मीटर होते आणि सोबत कोणीही प्रमाणपत्रधारक प्रौढ चालतो. पंधराव्या वर्षी 'ज्युनिअर' हा शब्द गळून पडतो. दहा हा आकडा केवळ प्रवेशाची किमान अट आहे, हे नियमावली वाचताना ध्यानात येते. सहलीचा बेत आखणारे आपण मात्र त्याला पात्रतेचा दाखला समजतो.

आपल्याकडे या गैरसमजाला आणखी एक कारण आहे. मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला सुट्टीत जाऊन 'स्कूबा केलेली' मुले हल्ली प्रत्येक सोसायटीत सापडतात आणि पाण्याखाली अंगठा व तर्जनी जुळवून 'ओके' दाखवणारा त्यांचा व्हिडिओ घरोघरी पाहिला जातो. त्या अनुभवाला मी कमी लेखत नाही; माशांच्या थव्यात पहिल्यांदा गेल्याचा आनंद खराच असतो. परंतु त्या बुडीत प्रशिक्षक पाहुण्याचे सिलिंडर मागून धरून असतो, तरंगण्यासाठी घातलेल्या जॅकेटात हवा किती भरायची, किती खोल जायचे आणि वर कधी यायचे हे सगळे तोच ठरवतो. पाहुण्याचे काम फक्त तोंडाने श्वास घेत राहण्याचे असते. अभ्यासक्रमात हीच सगळी कामे मुलाच्या हातात येतात, आणि शिवाय जोडीदारावर लक्ष ठेवण्याचे कामही येते. त्यामुळे मालवणला मूल घाबरले नाही, यावरून ते शिकायला तयार आहे असे अनुमान काढता येत नाही. उलट बाजूने मात्र ते अनुमान बरेच खरे ठरते : तेथे ज्याने नाक पाण्यात गेल्याबरोबर मास्क ओरबाडून काढला, त्याला निदान एक वर्ष तरी थांबवावे.

आमच्या केंद्राने आगाऊ रक्कम घेण्याआधी वैद्यकीय प्रश्नावली पाठवली, ही मला पहिली जमेची बाजू वाटली. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, वारंवार होणारा सायनसचा त्रास असे प्रश्न तीत असतात आणि ठरावीक प्रश्नांना 'होय' असे उत्तर आले की डॉक्टरांच्या सहीशिवाय मुलाला पाण्यात उतरवता येत नाही. पुष्कळ पालक तो कागद बोटीवर बसल्या बसल्या, सगळीकडे 'नाही' लिहून, सही करून मोकळे होतात. शंभर रुपयांच्या वस्तूची पावती तपासून घेणारी माणसे येथे इतकी उदार का होतात, ते मला कळलेले नाही. मुलीला लहानपणी सर्दीचा आणि कानदुखीचा त्रास असल्यामुळे आम्ही पुण्यातच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन आलो. लहान मुलांच्या कानापासून घशाकडे जाणारी नळी मोठ्यांपेक्षा आखूड, अरुंद आणि अधिक आडवी असते. ती सहज उघडत नाही. घाट उतरताना मोटारीत दडे बसतात तसेच दडे पाण्यात पहिल्या दोन-तीन मीटरांतच बसतात, आणि दाब वाढण्याचा वेग तेथे घाटापेक्षा कितीतरी अधिक असतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकल्यावर कान मोकळे होतात की नाही, हे डॉक्टरांनी पडदा पाहून तपासले आणि रोज तो सराव करायला सांगितले. दुर्बिणीतून पाच मिनिटांत होणारी ही तपासणी अभ्यासक्रमाची पूर्वअटच असायला हवी, असे मला वाटते. प्रश्नावली ती मागत नाही.

शरीराच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पालकांनी जाणून घ्याव्यात. एक म्हणजे थंडी. अंदमानचे पाणी २८ अंशांच्या आसपास असते आणि आपल्याला ते कोमट वाटते, पण हवेच्या मानाने पाणी अंगातील उष्णता सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते आणि वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे मूल आपल्याआधी गारठते. दुसरी गोष्ट सामानाची. नेहमीचे ॲल्युमिनियमचे सिलिंडर रिकामे असतानाच सुमारे १४ किलो भरते. तीस-बत्तीस किलोच्या मुलाच्या पाठीवर ते चढवून त्याला होडीवर उभे करणे हा अविचार आहे. आमच्या केंद्राकडे लहान सिलिंडर होते, मुलांच्या मापाचे जॅकेट होते आणि सिलिंडर पाण्यात गेल्यावरच पाठीवर बांधले जाई. सिलिंडरातली हवा पुरवणाऱ्या रेग्युलेटरचा तोंडात धरायचा रबरी तुकडा मात्र पहिल्या दिवशी मोठ्यांचाच होता. मुलीचा जबडा दुखू लागला, दोन्ही ओठांच्या कडांतून थेंब थेंब पाणी आत येऊ लागले आणि ती श्वास घ्यायचे सोडून तो तुकडा दातांनी आवळण्यातच गुंतली. तक्रार केल्यावर दुसऱ्या दिवशी लहान तुकडा बसवला गेला. बुकिंग करतानाच ही चौकशी करून ठेवावी.

आता मनाच्या तयारीकडे येतो, कारण खरा निकाल तेथेच लागतो. बारा मीटरच्या आत राहणाऱ्या मुलाला, अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे वर येताना बुडबुडे होण्याचा धोका तुलनेने कमी असतो. मोठा धोका असतो तो घाबरून, श्वास रोखून वर धाव घेण्याचा. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तेथे छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते, आणि ती बाहेर सोडली नाही तर फुप्फुसाला इजा होते. एक-दीड मीटरवरूनही हे घडू शकते. म्हणून 'श्वास कधीही रोखायचा नाही' हा स्कूबातला पहिला नियम आहे. हा नियम दहा वर्षांचे मूल तोंडपाठ म्हणून दाखवते. प्रश्न असा की, जी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, तिचा परिणाम आधीच कल्पून ते स्वतःला आवरू शकते का? अमूर्त विचाराची ही क्षमता साधारण अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास आकार घेते, असे बालमानसशास्त्र सांगते. कोणाला ती लवकर येते, कोणाला उशिरा.

आमच्या प्रशिक्षिकेने हे जोखण्याची जी पद्धत वापरली, ती मला या साऱ्या सेवेत सर्वांत मोलाची वाटली. 'समजले का?' असे तिने एकदाही विचारले नाही, कारण मुले त्यावर हमखास मान डोलावतात. तिने मुलीला विचारले, "मास्क चेहऱ्यावरून सुटला तर तू काय करशील?" मुलगी म्हणाली, "ताई, मी पटकन वर येईन." "आणि येताना श्वास?" यावर मुलगी गप्प झाली. नियम तिला पाठ होता. पण तिच्या मनातल्या चित्रात ती गाल फुगवून वर येत होती, जसे आपण सगळे तलावात बुडी मारून वर येतो. प्रशिक्षिकेने तो विषय पुढे ढकलला नाही. संध्याकाळचा उरलेला वेळ एका प्लॅस्टिकच्या फुग्यावर आणि समुद्राकाठच्या कमरेएवढ्या पाण्यात 'आऽऽ' असा आवाज काढत वर येण्याच्या खेळावर गेला, आणि वेळापत्रकातला पुढचा धडा राहून गेला. तो राहिल्याबद्दल मी सुरुवातीला थोडा नाराज होतो, हे मान्य करायला हरकत नाही. पैसे मोजलेल्या माणसाची ती स्वाभाविक प्रतिक्रिया असते.

दुसऱ्या दिवशी मास्कमध्ये पाणी भरून ते काढण्याचा सराव झाला. वाचताना हा प्रकार किरकोळ वाटतो. गुडघ्यावर बसलेल्या मुलीने मास्कची वरची कड किंचित उचलली, पाणी आधी नाकाच्या शेंड्यापर्यंत, मग डोळ्यांच्या पातळीपर्यंत चढले, आणि तिचे खांदे कानांपर्यंत वर गेले. तिने डोळे घट्ट मिटले, पण बुडबुडे सुटत राहिले. मग मान थोडी मागे, वरची कड दोन बोटांनी दाबलेली, आणि नाकातून एक लांब फुंकर; अर्धे पाणी गेले, अर्धे राहिले, आणि घाईघाईने न उठता तिने दुसरी फुंकर मारली. त्या दुसऱ्या फुंकरीवर प्रशिक्षिकेने वहीत खूण केली. तिने नंतर सांगितले की पहिली फुंकर कौशल्य दाखवते आणि दुसरी स्वभाव. पालकाने पाहण्याजोगी हीच गोष्ट आहे : मनासारखे झाले नाही तर मूल जागच्या जागी पुन्हा प्रयत्न करते, की पळ काढते? गणिताच्या वहीत, सायकलवर, पेटीच्या शिकवणीत हे रोज दिसत असते. त्यासाठी अंदमानला जावे लागत नाही.

पोहण्याची अटही दिसते त्यापेक्षा अर्थपूर्ण आहे. थांबल्याशिवाय २०० मीटर पोहायचे, कोणत्याही पद्धतीने, वेळेचे बंधन नाही. आणि १० मिनिटे आधाराशिवाय पाण्यावर तरंगत राहायचे. आपल्या शहरी मुलांना पहिली अट जड जात नाही, कारण क्लासमध्ये लांबीच लांबी मारून घेतात. अडते ते तरंगण्यापाशी. काठ हाताशी नाही, पाय टेकत नाहीत, करण्यासारखे काही नाही आणि दहा मिनिटे संपत नाहीत, अशा वेळी जे मूल उताणे पडून आभाळ पाहू शकते, ते पाण्यात खरोखर निवांत आहे. सोसायटीच्या चार फुटी तलावात वाढलेल्या मुलांनी ही परीक्षा घरीच, खोल तलावात, जीवरक्षकासमोर देऊन पाहावी.

समुद्रातल्या चार बुड्यांपैकी पहिल्या दोन नीट पार पडल्या. तिसरीत पाच मीटरवर मुलीने हात सपाट करून डावी-उजवीकडे डोलवला, म्हणजे काहीतरी बिनसल्याची खूण केली, आणि कानाकडे बोट दाखवले. दोघी मीटरभर वर आल्या, थांबल्या, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तीच खूण. प्रशिक्षिकेने अंगठा वर केला, म्हणजे बुडी संपली. होडीवर आल्यावर मुलीचे ओठ निळसर दिसत होते. त्या दिवशीच नव्हे, तर दुसऱ्या दिवशीही तिला पाण्यात उतरवायचे नाही, असे प्रशिक्षिकेने ठरवले, आणि तिसऱ्या दिवशी कान मोकळे होत असतील तरच पुढे जाऊ, नाहीतर झालेल्या भागाची नोंद देऊन उरलेल्या बुड्या पुढच्या वर्षी कोठेही करता येतील, असे स्पष्ट सांगितले. वाढीव शुल्क घेतले नाही. मी बाजूला जाऊन विचारले, "थोडा जोर लावला असता तर झाले असते का?" ती म्हणाली, "झाले असतेही, पण खूण केली तर कोणीतरी ऐकते, हे आज ती शिकली. ते मला जास्त महत्त्वाचे आहे." कानाचे दुखणे लपवून पुढे जाणाऱ्या मुलाइतके धोकादायक मूल पाण्याखाली दुसरे नसते, आणि ते लपवण्याची सवय त्याला आपणच, 'एवढे पैसे भरलेत' असे सारखे ऐकवून, लावलेली असते. तिसऱ्या दिवशी कान सहज मोकळे झाले आणि उरलेल्या दोन बुड्या झाल्या.

त्याच सहलीची आखणी करताना दुसऱ्या एका ठिकाणच्या दलालाने मला फोनवर सांगितले होते की धाकट्याचेही काम होऊन जाईल, अर्जात वय दहा लिहा, कोणी पाहत नाही. अशा माणसाशी बोलणे तेथेच संपवावे. आमच्या केंद्राने धाकट्याला बबलमेकरपुरतेच घेतले, तेही कमरेएवढ्या पाण्यातून सुरुवात करून, आणि अर्ध्या तासाने त्याचे लक्ष वाळूतल्या खेकड्याकडे गेल्यावर हसत हसत थांबवले. पाण्यात त्याला जरासुद्धा भीती वाटत नाही, आणि प्रशिक्षिकेच्या मते त्याच्यासाठी थांबण्याचे तेच कारण होते. भीती न वाटणे आणि तयार असणे यांत आपण फार गल्लत करतो. आमच्या मुलीला भीती वाटत होती, ती तिने सांगितली, आणि सांगून झाल्यावर ती पाण्यात उतरली.

आता अभ्यासक्रमाच्या उणिवा. सर्वांत मोठी उणीव मला त्याच्या मूळ रचनेतच दिसते. स्कूबा हा जोडीने करायचा प्रकार आहे आणि जोडीदाराने जोडीदाराला वाचवायचे असते. दहा वर्षांची मुलगी आपल्या ऐंशी किलोच्या बापाला बेशुद्धावस्थेत पृष्ठभागावर आणू शकेल, असे कोणी मनापासून म्हणणार नाही. नियमानुसार मात्र आम्ही दोघे बारा मीटरवर एकमेकांचे जोडीदार ठरतो. माझ्याकडे प्रमाणपत्र आहे, पण मी वर्षाकाठी मोजक्याच बुड्या मारणारा माणूस आहे. माझ्यासारख्याच्या भरवशावर मुलाला सोडण्याची मुभा नियम देतो, म्हणून ती घ्यावीच असे नाही. आम्ही ठरवून टाकले आहे की ती बारा वर्षांची होईपर्यंत तिच्यासोबत दोन प्रौढ असतील आणि त्यांपैकी एक व्यावसायिक असेल. यामुळे प्रत्येक बुडीचा खर्च वाढतो आणि तो हिशेब पालकांनी अभ्यासक्रमाच्या शुल्कातच धरावा, कारण वर्षातून एकदाही पाण्यात न उतरणाऱ्या मुलाच्या हाती हे कार्ड देण्यात फारसा अर्थ नाही.

लेखी भागाबद्दलही तक्रार आहे. दाब, घनता, हवेचे आकारमान यांचे धडे पुरेसे सोपे आहेत, परंतु भाषा इंग्रजी आणि मजकूर भरपूर. मराठी माध्यमातल्या दहा वर्षांच्या मुलाला तो एकट्याने झेपणार नाही. आम्ही सहलीच्या दोन महिने आधीपासून रोज थोडे थोडे, मराठीत समजावत, वाचून घेतले. ज्यांना हे शक्य नाही, त्यांनी तेथे जाऊन चार दिवसांत सगळे उरकण्याच्या भरीस पडू नये. पुण्या-मुंबईत लेखी भाग आणि तलावातला सराव पूर्ण करून समुद्रातल्या चार बुड्या नंतर दुसऱ्या केंद्रात करण्याची सोय अभ्यासक्रमात आहे, आणि मुलांसाठी मला तोच मार्ग अधिक बरा वाटतो. तलावात मन पालटले, तर विमानाची तिकिटे वाया जात नाहीत.

शुल्क प्रौढांइतकेच घेतले जाते, याबद्दल काही पालक कुरकुर करतात. माझी हरकत नाही, कारण दहा-अकरा वर्षांची मुले असतील तर समुद्रात एका प्रशिक्षकाबरोबर चारपेक्षा अधिक विद्यार्थी नसावेत आणि त्यांत अशी मुले दोनपेक्षा जास्त नसावीत, असे बंधन असल्यामुळे मुलांना शिकवणे केंद्राला महागच पडते. आमच्या वेळी पाण्यात प्रशिक्षिका आणि मुलगी अशा दोघीच होत्या, ते हंगाम सरत आल्यामुळे. डिसेंबरच्या सुट्टीत ही चैन मिळणार नाही.

नोंदणीआधी केंद्राला फोन करून एवढेच विचारावे : मुलाने मध्येच थांबायचे ठरवले किंवा तुम्ही थांबवले, तर पैशांचे काय? उत्तर अडखळत आले, किंवा 'असे कधी होत नाही' असे आले, तर दुसरे केंद्र पाहावे. आणि बेटावरचा मुक्काम अभ्यासक्रमाच्या दिवसांपेक्षा निदान तीन दिवसांनी मोठा ठेवावा. अनेक दिवस बुड्या मारल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, म्हणजे एक दिवस त्यातच जातो, आणि उरलेले दोन दिवस कानांसाठी हाताशी राहतात. परतीचे तिकीट जवळ आले की मुलावर नकळत दबाव येतो, आणि प्रशिक्षकावरही येतो.